आता किती छान बोलता!

फोन मीच उचलला. पलीकडून एक पुरुष स्वच्छ, सपाट आवाजात म्हणाला, "बायको गेली. काल दुपारी. मी सोमवारी कामावर येतो." मी "राँग नंबर" म्हटलं आणि ठेवून दिला.

पुन्हा वाजला. "ताई, मी बोलतोय. आतला."

आतला म्हणजे आमच्या चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत बसून काचा घासणारा. सगळे त्यांना भिंगवाले म्हणायचे. अकरा वर्षांत त्यांनी दुकानात एकदाही फोन केला नव्हता. ताप आला, उशीर होणार असला, की त्यांच्या बायकोचा, वहिनींचा फोन यायचा. कारण भिंगवाले अडखळत बोलायचे. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर यायचं आणि तिथंच अडून बसायचं. मान झटकली जायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागायचा.

त्या दिवशी ते अडखळले नाहीत, म्हणून मी ओळखलं नाही. एवढी बातमी सांगणाऱ्याला मी राँग नंबर म्हटलं, हे आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी काउंटरवर बसते. सकाळी शटर वर गेलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, तो शटर खाली येईपर्यंत. भिंगवाल्यांची वाक्यं पुरी करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. ते "फ्... फ्..." करायला लागले की मी लगेच, "फ्रेम ना? ठेवलीय कपाटात." वर स्वतःवरच खूश. मालकांचं औषध वेगळं. "श्वास घ्या. आधी मनात बोला, मग तोंडानं." जणू या माणसानं पंचेचाळीस वर्षांत श्वास घेतलाच नव्हता. एका गिऱ्हाइकानं शब्द गाऊन बघायला सांगितले. दुसऱ्यानं आपल्या भाच्याचं हे लग्नानंतर थांबलं असं सांगून, "तुमचं झालंय का?" म्हणून चौकशी केली. भिंगवाले सगळ्यांपुढं मान हलवायचे, आत जायचे आणि मशीन चालू करायचे. मशीन घरघरत असलं की कुणी त्यांच्याशी बोलायला जायचं नाही.

सोमवारी ते आले. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. मी म्हटलं, "फार वाईट झालं हो."

"हो ताई. एकोणीस वर्षं झाली होती लग्नाला."

एकही अक्षर अडलं नाही. दुपारपर्यंत ही गोष्ट दुकानभर झाली. मालक तर हरखूनच गेले. "अहो, आता किती छान बोलता तुम्ही! केलंत तरी काय?"

"काही नाही केलं," भिंगवाले म्हणाले. "बायको वारली."

मालकांच्या ते डोक्यावरून गेलं. आठवड्याच्या आत त्यांनी भिंगवाल्यांना काउंटरवर माझ्या शेजारी आणून बसवलं. एक तारखेपासून आत नवा कारागीर येणार आणि हे कायमचे बाहेर, हेही ठरवून टाकलं. भिंगवाल्यांनी त्यालाही मान हलवली.

ते छापील पत्रक वाचावं तसं बोलायचे. या काचेवर ओरखडे पडत नाहीत, ही उन्हात काळी होते, नंबर बदलला की डोकं चार दिवस दुखेल. येणारं प्रत्येक जुनं गिऱ्हाईक कौतुक करून जायचं. "जिद्द लागते हो!" म्हणत एका गृहस्थांनी तर त्यांच्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मीही म्हटलं होतं, "चला, एवढं तरी चांगलं झालं." जिभेला हाड नसतं ते असं.

एकदा काचेच्या कडेनं त्यांचा अंगठा चिरला. पावतीवर रक्ताचे ठिपके पडत होते आणि हे लिहीतच होते. मी ओरडले, तेव्हा त्यांनी तो अंगठा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पाहिला.

"दुखलं नाही?"

"कळलं नाही."

त्या दिवशी डबा खाताना मी विचारलंच, "लोक एवढं कौतुक करतात, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"पूर्वी कुणी काही बोललं की संध्याकाळपर्यंत कानात राहायचं," ते म्हणाले. "नुसतं सावकाश बोला म्हटलं तरी. आज छान बोललात म्हटलं तर जास्तच. म्हणजे बाकीच्या दिवशीही हे लक्ष ठेवून असतात, हे कळायचं. आणि तुम्ही माझा शब्द तोंडातून काढून घ्यायचात, तेव्हा राग यायचा. तुमचा शब्द चुकलेला असला तरी मी हो म्हणायचो. पुन्हा पहिल्यापासून कोण सुरू करणार?"

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी मूर्खासारखं विचारलं.

"आता कानात काही राहत नाही," ते त्याच सुरात म्हणाले. "ती गेली, तरी रडू आलं नाही. घरी गेल्यावर तिला हाक मारून बघतो, मोठ्यानं. सरळ येते हाक. माझा हा आवाज तिनं कधी ऐकलेलाच नाही, ताई. कुणी परकाच तिला बोलावतोय असं वाटतं. हे असंच राहिलं तर? मग ती गेलीय, हे मला कधी कळायचंच नाही."

मी डबा धुवायला उठले.

अठ्ठावीस तारखेला एक म्हातारं जोडपं आलं. चष्मा आजोबांचा, बोलत होत्या आजी. यांना बारीक अक्षर दिसत नाही, यांना जड फ्रेम नको, यांना काळीच आवडते. भिंगवाले विचारायचे आजोबांना आणि उत्तर यायचं आजींकडून. आजोबा आपले मजेत आरशात स्वतःला बघत होते.

ती दोघं गेली. भिंगवाले हातात पेन धरून दाराकडे बघत राहिले.

"आमचंही असंच होतं," ते म्हणाले. "ती आजारी पडली, तेव्हा तिचा पहिला रिपोर्ट आणायला दवाखान्यात मी गेलो होतो. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, नीट बोलता येणारं कुणी नाही का बरोबर? मागची रांग हसली. घरी आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, असू दे, यापुढं मीच जाईन. मग सगळ्या तपासण्यांना एकटीच गेली. डॉक्टर काय म्हणाले ते येऊन थोडं थोडं सांगायची. शेवटचं सांगितलंच नाही."

सगळं सरळ, दुसऱ्याच्या घरातलं सांगावं तसं. मग म्हणाले, "ती पिशवी घेऊन एकटी निघायची ना, ताई, तेव्हा मला ब्... ब्..."

मान झटकली. डोळे मिटले.

माझ्या जिभेवर शब्द तयार होता. बेचैन. बेचैन व्हायचं, दुसरं काय होणार? मी तोंड उघडलंसुद्धा, आणि ओठ दातांखाली दाबून धरले. मालक आतून डोकावले, "श्वास घ्..." म्हणाले, पण मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की आल्या पावली परत गेले. एक गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं, त्याला मी हातानंच थांबवलं. भिंगवाल्यांचा चेहरा लाल झाला, कपाळावरची शीर फुगली. मला त्यांची दया येत नव्हती, भीती वाटत होती. एवढा वेळ मी जन्मात कधी गप्प बसले नव्हते.

"ब्... ब्... बरं वाटायचं," ते म्हणाले. "म्... मला जावं लागत नाही म्हणून."

आणि काउंटरवर डोकं टेकून ते रडायला लागले. हुंदक्यांमधून आणखी काही सांगत होते, प्रत्येक अक्षर अडत होतं.

"पाणी द्या हो त्यांना," गिऱ्हाईक म्हणालं. "बोलता येत नाहीये त्यांना."

"बोलतायत ते," मी म्हटलं. "तुम्ही थांबा."