पान चौऱ्याण्णव

तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणजे वाळलेला, कपाळाला आठ्या घातलेला माणूस, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी गिरकी सरांना पाहायला हवं होतं. पोट गोल, टक्कल तुळतुळीत आणि पाय मात्र एखाद्या शाळकरी पोराचे. सरांना लोकनृत्याचं वेड होतं. सुट्टी लागली की पिशवी उचलून कुठल्यातरी खेड्यात जायचे, मेंढपाळांकडून नाहीतर विणकरांकडून नवा नाच शिकून यायचे आणि दर गुरुवारी संध्याकाळी कॅन्टीनची टेबलं भिंतीला सरकवून विद्यार्थ्यांना गोलात उभं करायचे. वर्गात कुणी अवघड प्रश्न विचारला तरी आधी त्यांचे पाय हलत, उत्तर मागाहून येई. खरं नाव कॉलेजात कुणाच्या लक्षात नव्हतं.

कॉलेजच्या ऑफिसातली टायपिस्ट नोकरीला लागली ती बाविसाव्या वर्षी. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ लहान, आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. पहिलंच मोठं काम म्हणजे सरांचं पुस्तक. अक्षर कोंबडीचे पाय, समासात ओळीच ओळी. लिहिता लिहिता सरांना नाच सुचायचा आणि ते तिथेच टिपून ठेवायचे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चौऱ्याण्णवाव्या पानावर 'निवड करणारा माणूस एकटा नसतो' या वाक्याशेजारी समासात लिहिलं होतं, 'उजवा, उजवा, डावा, थांबा. हात सोडू नका.' तिने ते इमानेइतबारे मजकुरात टंकलं. जे कळत नाही तेच तत्त्वज्ञान, असा तिचा साधा हिशेब. प्रुफं आली तेव्हा सर कुठल्याशा डोंगरात नवा नाच शिकत होते, म्हणून तीही तिनेच वाचली.

पुस्तक छापून आलं आणि नेमकं ते समासातलंच वाक्य गाजलं. परीक्षेत पोरं ते लिहून मार्क मिळवू लागली. तिला खरा प्रकार कळला तो एका गुरुवारी, कॅन्टीनच्या दारातून. सर टाळ्या वाजवत ओरडत होते, "उजवा, उजवा, डावा, थांबा! हात सोडू नका रे!" ती दारातूनच मागे फिरली.

त्यानंतर दर गुरुवारी ती अर्धा तास लवकर घरी जाऊ लागली. सर ऑफिसात आले की यंत्रावर मान खाली. चोराच्या मनात चांदणं! पुढे नोकरी कायम झाली, पण तोवर लाजेने जीभच उचलेना.

सर गेले तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. शोकसभेच्या आदल्या दिवशी विभागातल्या तरुण प्राध्यापकाने तिच्यापुढे एक पत्र ठेवलं. सभागृहाच्या दारात संगमरवरी पाटी बसवायची होती आणि पाटीवर तेच वाक्य कोरायचं होतं. "एवढं टाइप करून द्या हो ताई. उद्या सभेत जाहीर करतो." बोलावं तर सरांचं हसू होणार, गप्प बसावं तर आपली चूक दगडात कोरली जाणार. पत्र पर्समध्ये कोंबून ती थेट सरांच्या घरी गेली आणि काकूंपुढे सगळं भडाभडा बोलून टाकलं.

काकू ऐकता ऐकता हसायला लागल्या. "अगं, त्यांचीच ओळ, त्यांना कळणार नाही होय? पुस्तक उघडलं आणि हा माणूस जमिनीवर बसून पोट धरून हसत होता."

"मग मला बोलले का नाहीत?"

"म्हणाले, पोरगी अजून कायम व्हायचीय, ऑफिसात बोभाटा झाला तर घरी बसेल बिचारी. कायम झाली की आपण होऊन सांगेल. मग दोघं मिळून हसू आणि तिला नाचायलाच ओढतो." काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. "दर गुरुवारी घरी आले की मी विचारायची, आली का हो? ते म्हणायचे, आज नाही, पुढच्या गुरुवारी येईल."

"किती दिवस?"

"दिवस कसले? रिटायर होईपर्यंत. सोळा वर्षं."

ती काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. ओरडा मिळाला असता तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी भरल्या सभेत, तरुण प्राध्यापक उठायच्या आधीच ती माईकपाशी गेली. पुस्तक, समास, प्रुफं, सगळं सांगितलं. आधी कुजबुज झाली, मग एकच हशा उसळला. पहिल्या रांगेत काकू डोळे पुसत हसत होत्या, आणि तो तरुण प्राध्यापकसुद्धा कपाळाला हात लावून हसत होता. तीही हसली. हसू ओसरेपर्यंत माईक धरून उभी राहिली.

"एवढंच मी येऊन सांगावं म्हणून सोळा वर्षं ते माझी वाट बघत होते," ती म्हणाली, "आणि मी त्यांना बघून रस्ता बदलत होते."