आजगावकर सरांना दिलेला दिवा

आजगावकर सर गेल्याचं मला मालवणच्या स्टँडवर एका कंडक्टरने सांगितलं. कधीकाळी तो आमच्या शाळेत होता. तिकिटांची पेटी काखेत धरून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, सर गेले. काल सांजेक, शिरोड्याक." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठले सर?" त्याच्या वयाच्या मुलांना 'सर' म्हटलं की दुसरं कोण आठवणार? मी बाजाराची पिशवी घेऊन तशीच घरी आले आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलले नाही. आज महिना झाला. लोक त्यांच्याविषयी चांगलं बोलतात, आणि ते सगळं खरंच आहे. मला मात्र एक अवघड गोष्ट सांगायची आहे.

आम्ही चौदा वर्षं एका शाळेत शिकवलं. ते भूगोल, मी मराठी. ते बोलायला सावकाश आणि मी तोंडाळ, त्यामुळे आमचं छान जमायचं. दर हिवाळ्यात सातवीची सहल फोंडाघाटातून वर कोल्हापूर-पन्हाळ्याला जायची. आदल्या दिवशी सर एक तास मागून घ्यायचे. आधीच्या वर्षीच्या मुलांनी सहलीहून आणलेल्या वस्तू टेबलावर मांडायचे आणि एकेक उचलून मालवणीतच विचारायचे, "ह्या खंयसून इला? आणि थंय आता काय आसा?" म्हणजे हे कुठून आलं, आणि तिथे आता काय आहे? कोल्हापुरी चपलांचा जोड उचलला की मुलं ओरडायची, तिथे कारागीर आहे, तो दुसरा करील! पन्हाळ्याच्या तटाचा दगड उचलला की वर्ग गप्प. तिथे आता भोक आहे, हे कुणी सांगायची गरज नसायची. बंदरावर येणाऱ्या सहलींना आमचीच मुलं शंख-शिंपले विकायची, त्यांनाही ते हेच विचारत. ओरडणं नाही, मारणं नाही. तो पन्हाळ्याचा दगड त्यांनी पुढच्या सहलीबरोबर परत पाठवला होता, कागदात बांधून! "दगडाचं अर्धं तिकीट काढलंत की पूर्ण?" म्हणून मी त्यांना आठवडाभर छळलं. तेही हसले. पण त्या वर्षी सहल परतली तेव्हा एकाही पोराच्या खिशात दगड नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभाची भेटवस्तू आणायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. छत्री नको, घड्याळ नको, सगळ्यांना देतात ते काही नको. जेटीजवळच्या दुकानात मला तो दिवा दिसला. पांढऱ्याशुभ्र प्रवाळाचं हातभर झाड, तळाला शिंपले चिकटवलेले, आत लहानसा बल्ब. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "बाई, किल्ल्याच्या फुडल्या खडकार मिळाला. असा दुसरा गावचा नाय." आणि असा दुसरा मिळणार नाही, हे ऐकूनच मी तो घेतला. खोटं कशाला सांगू? सरांचा तो तास मला तोंडपाठ होता. पण तो मुलांसाठी, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मोठ्यांच्या देण्याघेण्याला तो लागू होतो, हे माझ्या मनातही आलं नाही.

पाहुण्यांच्या हस्ते दिवा दिला. बल्ब पेटवला, टाळ्या झाल्या... आणि सातवीच्या रांगेतून शेवंती उठली. तिचे वडील मच्छीमार, त्या खडकांच्या आसपासच त्यांची होडी असायची. आगाऊपणा तिच्या आवाजात अजिबात नव्हता. सरांनी शिकवलं तेच तिने सरांना विचारलं, "सर, ह्या खंयसून इला? थंय आता काय आसा?"

सरांनी हातातल्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिच्यावर खेकसले, "शेवंती, ही काय वेळ आहे का?" तरी ती उभीच. सर्व मुलं सरांच्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा सर हळूच म्हणाले, "बस गो बाय. बाईंनी मायेन दिलो हा." ती बसली. चौदा वर्षांत त्या प्रश्नाला उत्तर न देता त्यांनी कुणाला खाली बसवल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझी लाज राखायला.

निवृत्तीनंतरही सहलीच्या आदल्या दिवशी येऊन तास घेईन, असं त्यांनी मुलांना कबूल केलं होतं. ते आले नाहीत. पहिल्या वर्षी गुडघा दुखत होता, दुसऱ्या वर्षी खोकला. नंतर मी बोलवायचं सोडलं आणि तास स्वतः घेऊ लागले. मी सूचना फळ्यावर लिहून द्यायची, मुलं सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची आणि खिसे भरून परत यायची. शेवंतीने पुन्हा कधी वर्गात हात वर केला नाही.

मला कळत नव्हतं असं नाही. दर मे महिन्यात मी आधी कार्ड टाकून शिरोड्याला त्यांच्याकडे जायची. दर वेळी मनाशी ठरवायची, आज बोलायचंच. पडवीत शिरलं की टेबलावर तो दिवा दिसायचा, पुसून लख्ख. तो पाहिला की मी सुटकेचा निःश्वास टाकायची. ठेवलाय की त्यांनी! मनाला लावून घेतलं नाही म्हणजे... मग नारळ, पाऊस, कोणाची बदली कुठे, अशा गप्पा व्हायच्या. तो विषय सहा वर्षांत एकदाही निघाला नाही.

सर गेल्यावर पाचव्या दिवशी मी न कळवता गेले. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पडवीतच बसल्या होत्या. टेबल रिकामं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मला राहवेना, मी विचारलं, "वहिनी, तो दिवा दिसत नाही?"

"माळ्यार आसा," त्या म्हणाल्या. "तुमचा कार्ड इला काय ते काढीत, पुसून हंय ठेवीत. तुमी गेल्यार परत वर. म्हणत, नाय दिसलो तर बाईंका वायट वाटतला. ह्या वेळी तुमी कार्ड धाडूक नाय. आणि माका काय आता माळ्यार चढाक जमणा नाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर मला बसवेना. गुडघे दुखत असताना तो माणूस दर वर्षी शिडी चढत होता, आणि मी त्या दिव्याकडे पाहून स्वतःला माफ करत होते. मी वहिनींचा हात धरला आणि म्हटलं, "माझं चुकलं हो. त्या दिवशी मुलांसमोर माझं चुकलं."

त्यांनी हात सोडवला नाही. नुसतं म्हणाल्या, "माका सांगून काय, बाई? ह्या तेंका सांगूक व्हया होता..." आणि चहा ठेवायला आत गेल्या.