भुवईवालीच्या सहा नट्या

गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत एक फिरती खुर्ची आणि एक आरसा, एवढंच तिचं पार्लर. बायका तिथे दोनच कामांना यायच्या: भुवया कोरून घ्यायला आणि घरच्यांच्या कागाळ्या सांगायला. तिच्या दातात दोरा असायचा, त्यामुळे ती उलट बोलायची नाही, आणि बायकांना नेमकं तेच हवं असायचं. सगळे तिला भुवईवाली म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत.

या नावाची तिला मनस्वी चीड होती. ‘मेकअप आर्टिस्ट’ अशी गुलाबी अक्षरांची पाटी तिने हौसेनं करून घेतली होती, पण लावायचा धीर होत नव्हता. लोक हसतील, ही धास्ती. बिचारी पाटी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बरं, येत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. पडद्यावरच्या कुठल्याही नटीचा चेहरा ती एक काजळाची पेन्सिल, एक लिपस्टिक आणि पावडरीऐवजी चिमूटभर कॉर्नफ्लोअर एवढ्यावर उभा करायची. लिपस्टिक ओठांना, तीच बोटाने गालांना, उरलीसुरली पापण्यांना. सरावासाठी तोंड मात्र एकच मिळालं होतं, नवऱ्याचं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. हूं की चूं न करता बसायची त्याला सवयच होती. दुपारी जेवायला आला की तो फिरत्या खुर्चीत मान टाकायचा आणि ती त्याची नटी करायची. तीही अर्ध्याच तोंडाची. उरलेलं अर्धं फरक बघायला.

तोंड काही नटीला शोभेल असं नव्हतं. नाक डावीकडे झुकलेलं, उजवी भुवई चढलेली, जणू साऱ्या जगाचा संशय आहे, आणि गालावर एक ठसठशीत चामखीळ. ती काही केल्या झाकली जायची नाही, म्हणून भुवईवाली तिच्यावर काजळाचा ठिपका देऊन तीळ म्हणून खपवायची. नवऱ्यानं कधी कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाला, “अगं, काल दुकानात जो तो माझ्याकडे बघून गालात हसत होता. घरी आल्यावर कळलं, तोंड धुवायचंच राहिलं होतं.”

अशात महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी दवाखान्याला चाकाच्या खुर्च्या द्यायचं मनावर घेतलं. घरोघरी पडून असलेले चांगले कपडे गोळा करायचे, सहा जणींनी ते घालून मंचावर मिरवायचं आणि लगेच तिथेच ते विकायचे, असा बेत ठरला. शहरातला मेकअपवाला परवडेना, तेव्हा त्या भुवईवालीच्या दारात आल्या.

“नटीसारख्या दिसल्या पाहिजेत हं सगळ्या,” त्या म्हणाल्या. “नाहीतर कपड्यांना कुत्रंही विचारणार नाही.”

“तुम्ही निर्धास्त राहा,” भुवईवाली म्हणाली. त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं: हे पार पडलं तर पाटी लावायची, फसलं तर चुलीत घालायची.

शोच्या दिवशी दुपारी तिने नवऱ्यावर शेवटचा हात फिरवला आणि सभागृहाकडे धावली. मंचामागची खोली म्हणजे झाडू-बादल्या ठेवायची अडगळ. उजेडाला मिणमिणता दिवा. एकेक बाई आत घ्यायची, रंगवायची, बाहेर काढायची. दवाखान्यातली परिचारिका झाली, गल्लीतली शिंपीण झाली, ग्रंथालयातली बाई झाली. हात नुसता पळत होता, बघायचीसुद्धा गरज वाटत नव्हती. तिथेच घात झाला.

पहिली बाई मंचावर आली आणि लोकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. दुसरी आली तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा पुसला. तिसरी आली तसे ते मोठ्यानं म्हणाले, “अरे, या तर सगळ्या आपल्या घड्याळवाल्याच्या बहिणी!”

सभागृहात हास्याचा स्फोट झाला. भुवईवालीनं पडद्याआडून डोकावलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. एव्हाना सहाही जणी मंचावर येऊन एका ओळीत उभ्या होत्या. सहाही जणींची उजवी भुवई चढलेली, नाकाची सावली डावीकडे कललेली, आणि गालावर, अगदी त्याच जागी, टपोरा तीळ.

“हे काय करून ठेवलंस?” अध्यक्षीणबाईंनी तिचा दंड धरला. “खुर्च्या गेल्या पाण्यात!”

भुवईवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला रडू फुटलं, आणि मग दिसलं की शेवटच्या रांगेतल्या अंधारातून नवरा उठून मंचाकडे चालला आहे. लोक एकदम गप्प झाले. माणूस चिडला असणार, आणि चिडला तर चूक काय त्याची?

तो पायऱ्या चढून दिव्यांच्या झोतात आला आणि सभागृह पुन्हा फुटलं. दुकानातून तसाच आलेला. अर्धं तोंड नटीचं, अर्धं घड्याळवाल्याचं. तो सहा जणींच्या मधोमध जाऊन उभा राहिला, कमरेवर एक हात ठेवला आणि माइक ओढून घेतला.

“चेहरा माझा आहे, हे कबूल,” तो म्हणाला. “पण कपडे तुमचेच आहेत. ते विकले गेल्याशिवाय या सहा बहिणी मंचावरून हलायच्या नाहीत, आणि मला घरी एवढ्या जणींना जेवायला घालणं जमायचं नाही. तेव्हा पटापट बोला!”

मग काय, झुंबड उडाली. हसून हसून डोळे पुसत लोक कपडे उचलत होते. सगळ्यात आधी अध्यक्षीणबाईंनीच एक शाल घेतली. खुर्च्यांची सोय झाली.

घरी आल्यावर तिने तेलाचा बोळा घेऊन त्याचं तोंड पुसायला घेतलं. “पाटी लावत नाही मी,” ती म्हणाली. “मला जगात एकच चेहरा येतो.”

“मग दुसरे शिक. माझा पुरता पाठ झालाय तुला,” डोळे मिटूनच तो म्हणाला. “अध्यक्षीणबाई उद्या दुपारी येणार आहेत. मीच बोलावलंय. तू फुकट करून देशील म्हणून सांगितलंय.”

सकाळी त्यानेच स्टुलावर चढून पाटी ठोकली. दुपारी अध्यक्षीणबाई फिरत्या खुर्चीत बसल्या. भुवईवालीनं आधी त्यांचं तोंड नीट न्याहाळलं, मग हात लावला. गालावर ठिपका द्यायला उचललेली पेन्सिल तिने वेळीच खाली ठेवली.

तेवढ्यात नवरा जेवायला आला. जेवला, रोजच्या सवयीनं तोंड धुतलं, पुसलं आणि पुढच्या खोलीत आला. खुर्ची भरलेली. तो क्षणभर घुटमळला. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून भिंतीला टेकून बसला.

“अहो, दुकानात नाही जायचं?” तिने विचारलं.

“जाईन की,” तो म्हणाला. “यांचं झालं की माझ्या भुवया तेवढ्या बघ.”