तिन्ही अंक पुरेल असा वेग

आमच्या नाटक मंडळीत माझ्या भावजयीचं नाव 'मोजपट्टी' पडलं होतं. ती पोशाख शिवायची. नटाला सरळ उभं करून तिने कधी माप घेतलं नाही. "म्हणा तुमचं भाषण, हात फेका, गुडघ्यावर बसा," असं म्हणत टेप घेऊन मागे मागे फिरायची. स्वतःच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या धाकट्या भावालाही, सूट नव्हती. मी तर नायिका! पण पोट आत ओढलं की चिमटा बसलाच. "ताई, श्वास सोडा. प्रेक्षकांसमोर सोडणारच आहात."

मंडळी पांगली, तशी ती इतरांच्या प्रयोगांचं चित्रण करू लागली. चार कॅमेरे, तारांचं जंजाळ आणि सगळं साठवणारा एक कॉम्प्युटर.

यंदा भावाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, आवाज जाईल. भाऊ म्हणाला, "त्याआधी एकदा उभा राहतो. पूर्ण नाटक." डॉक्टर एकाच प्रयोगाला कबूल झाले. तो प्रयोग जपून ठेवायचं काम भावजयीकडे आलं. काही निसटलं तर पुन्हा घ्यायची सोय नव्हती.

त्यांचा जावई खास त्यासाठी नवाकोरा एसएसडी, म्हणजे चित्रण साठवायचा ड्राइव्ह, घेऊन आला. कॉम्प्युटरला जोडून त्याने वेगाची चाचणी लावली.

"बघा आई, सेकंदाला तीन हजार मेगाबाइट लिहितो! आपल्या चार कॅमेऱ्यांना लागतात जेमतेम तीनशे."

"किती वेळ?"

"म्हणजे?"

"तीन हजाराने किती वेळ लिहितो?"

"चाचणी अर्ध्या मिनिटाची असते."

"नाटक अडीच तासांचं आहे, जावईबापू."

भाऊ कुजबुजला, "जावयाच्या आहेराला नावं ठेवू नयेत गं."

"नावं कोण ठेवतंय? पुरतं का ते बघतेय."

"मग मी म्हणून दाखवतो पहिला अंक."

"तुम्ही मफलर गुंडाळा आणि गप्प बसा. आवाज एकदाच खर्चायचाय."

तिने एक कॅमेरा पंख्याकडे वळवला, दुसरा रस्त्याकडे, तिसरा वाळत घातलेल्या कपड्यांकडे आणि चौथा माझ्याकडे. "ताई, तुम्ही बोलत राहा. विषय कुठलाही चालेल."

रसिकहो, या आमंत्रणाची मी आयुष्यभर वाट पाहिली होती! मी माझ्या पहिल्या भूमिकेपासून सुरुवात केली. नाटकाचा दुसरा अंक जिथे लागतो, साधारण तिथे आले आणि ड्राइव्ह माझ्याआधी दमला. वेग शंभराच्या घरात घसरला, चित्र अडखळू लागलं आणि चित्रण बंद पडलं.

जावई रुसला नाही. खुर्ची ओढून शेजारी बसला. "याच्यात पुढच्या बाजूला थोडी चपळ जागा असते, आई. आलेला माल आधी तिथे टाकतो, सवड मिळाली की मागच्या संथ जागेत नीट लावतो. पण माल येतच राहिला..."

"तर दारातच ढीग."

"अगदी."

"मग तीन हजार हे खोटंच की," भाऊ म्हणाला.

"खोटं नाही, बाबा. अर्ध्या मिनिटापुरतं खरं."

असे नट मी पाहिलेत. प्रवेशालाच टाळी घेतात आणि तिसऱ्या अंकात पाण्याचा तांब्या शोधतात. वाईट नसतात बिचारे. त्यांना छोटी भूमिका द्यावी.

मग तिने कपाटातून आपला जुना ओबडधोबड ड्राइव्ह काढला. भरत आला की तोही मंदावतो, म्हणून आधी पूर्ण रिकामा केला. त्याचा आकडा साडेचारशेच, पण सुरुवातीला तेवढाच आणि शेवटीही तेवढाच. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अडीच तास बोलले. पंख्याने मन लावून ऐकलं. नवा ड्राइव्ह घरी सावकाश प्रत काढायला ठेवला, तेव्हा जावयाचाही मान राहिला.

प्रयोगाची दुपार आली. भाऊ उभा राहिला आणि जुने दिवस त्याच्या अंगात आले. तिसऱ्या अंकात आवाज फाटला. तो थांबला, प्रेक्षक थांबले, आणि त्याने तेच वाक्य हळू म्हटलं. भावजयीची नजर कॉम्प्युटरवरच्या आकड्यावरून हलली नाही.

"अगं, वर बघ. नवरा आहे तुझा!"

"तुम्ही बघा, ताई. मी मागून बघेन."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. जावयाने चित्रण थांबवायला बटणाकडे हात नेला, तो तिने धरला. भावाच्या कॉलरचा माइक चालूच होता. रंगपटातून त्याचा आवाज तिच्या हेडफोनमध्ये येत होता. आणि ती मान वाकवून ऐकत होती.

भाऊ आता बरा आहे. पाटीवर लिहून भांडतो. घरी पाहुणे आले की ती त्यांना नाटक पहिल्यापासून दाखवते. एकटी असली की टाळ्यांच्या पुढून लावते. तिथे भाऊ म्हणतो, "अगं, चष्मा कुठे ठेवलास माझा? आणि चहाचं बघ जरा, घसा पार बसलाय. ऐकतेस ना?"