घुबडांची टीम आणि आमचे चार माग

टॉवेलच्या कारखान्यात कापसाचं तूस कितीही झाडा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोपऱ्यात पुन्हा जमतं. आमच्याकडं किस्सेही असेच जमले. तेही कशाचे, तर बर्फावरच्या हॉकीचे! आणि कुठं, तर सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, ऐन उन्हाळ्यात!

झालं असं की कॅनडातल्या एका आइस हॉकी टीमची ऑर्डर आली. छोटे निळे टॉवेल, मध्ये पांढरं घुबड. प्रेक्षकांनी ते डोक्यावर गरगरा फिरवायचे. मी एक्स्पोर्टचे कागद बघतो, म्हणून डिझाईन घेऊन यादगिरी अण्णांकडं गेलो. अण्णा आमचे माग सांभाळणारे मास्टर. घरी तेलुगू, दारी मराठी. त्यांनी कागद बघितला आणि पालथा घातला.

"दीपक, घुबड? माझ्या मागावर? न्हाय चालणार."

चेकिंगच्या सुनंदाताई कांबळे शेजारीच धागे कापत होत्या. म्हणाल्या, "अण्णा, घुबडानं आजवर कुणाचा कारखाना बंद पाडलाय का? माणसंच पाडतात की!"

अण्णांनी कागद सुलटा केला.

* * *

तिकडं संध्याकाळची मॅच म्हणजे आपली सकाळ. पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही कॅन्टीनमध्ये मोबाईल किटलीला टेकवून बसलो.

"चेंडू कुटं हाय?" सुनंदाताईंनी विचारलं.

"चेंडू नहीं रहता ताई, वो काली टिकिया है ना, वोइच!" हे सलीमभाई, आमचे मेकॅनिक. शाळेत असताना मैदानावरची हॉकी खेळलेले, त्यामुळं बर्फावरचेही तज्ज्ञ तेच.

तेवढ्यात दोन खेळाडूंनी हातमोजे फेकले आणि एकमेकांना बुकलायला लागले. पंच बाजूला उभे राहून शांतपणे बघतायत!

"हे पंच हायेत का लग्नातले पाव्हणे?" सुनंदाताईंनी विचारलं.

"गुस्सा उतरने दो, फिर छुडाते," सलीमभाई गंभीरपणे म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सलीमभाईंचं वायरमनशी वाजलं. दोघं एकमेकांच्या अंगावर जाणार, एवढ्यात सुनंदाताई ओरडल्या, "आदी हातमोजे काढा!"

भांडण तिथंच संपलं.

* * *

एकदा दुपारी लाईट गेली. माग थांबले, की अण्णांना बसवत नाही. येरझाऱ्या घालत म्हणाले, "दीपक, ही टीम निघाली कशी, ते तर सांग."

मी मोबाईलवर वाचून सांगितलं. नदीकाठचं छोटं गाव, गावात कागदाची गिरणी. पाळी सुटली की कामगार गोठलेल्या नदीवर खेळायचे. त्यातून टीम झाली, पुढं पगारी खेळाडू आले. मग गिरणी बंद पडली. निम्मं गाव पोटासाठी बाहेर गेलं. टीम मात्र राहिली. कप जिंकून जमाना झालाय, पण बाहेर गेलेल्यांची नातवंडंसुद्धा अंगात घुबडाचा शर्ट घालून मॅच बघतात.

अण्णांचे वडील इथल्या गिरणीत होते. अण्णा चालायचे थांबले.

"गिरणी गेली, तरी टीम राहिली?"

"राहिली."

"आपली गेली तवा काय राहिलं?"

मग सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "भोंगा. माझ्या आईच्या कानात अजून वाजतोय."

* * *

आणि मग टीम बाद फेरीत पोचली! मॅनेजर येऊन सांगून गेले, "ही फेरी जिंकले तर पुढच्या मोसमाची मोठी ऑर्डर आपली. हरले तर चार माग बंद ठेवावे लागतील."

झालं! कुणाचाच पाय जाग्यावर ठरेना. फेरी सात मॅचची, त्यात प्रत्येकी तीन जिंकून दोन्ही टीम बरोबरीत. सुनंदाताई तेच गठ्ठे दोनदा तपासायला लागल्या. मी मेल उघडायचो, बंद करायचो, पुन्हा उघडायचो. सलीमभाईंनी तर चांगल्या चाललेल्या मागाला एका सकाळी तीनदा तेल घातलं. चौथ्यांदा कॅन उचलला, तसे अण्णा भडकले, "अरे, टॉवेल विणायचेत, भजी तळायची न्हाईत!"

* * *

शेवटच्या मॅचला अख्खी पाळी कॅन्टीनमध्ये उभी. बरोबरी झाली. आता जादा वेळ, जो पहिला गोल करेल तो जिंकला. स्टेडियमभर आमचे निळे टॉवेल फिरतायत. सलीमभाईंचे डोळे मिटलेले. सुनंदाताईंनी माझं मनगट असं धरलेलं, की बोटांचे वळ उठले.

गोल झाला. समोरच्यांचा.

फिरणारे टॉवेल एकदम खाली आले. आमच्या चार मागांचं काय होणार, ते सगळ्यांना कळलं होतं. कुणी कुणाकडं बघेना.

कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरत एका म्हातारीवर थांबला. पांढरे केस, पांढरा स्वेटर. तिनं आमचा टॉवेल तोंडाशी धरला आणि ढसाढसा रडायला लागली. डोळे पुसतेय, पुन्हा रडतेय, पुन्हा पुसतेय.

अण्णा खुर्चीवरून उठले. मोबाईलच्या अगदी जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

मग वळून म्हणाले, "सुनंदा, रंग पक्का हाय न्हवं?"