अक्कानं त्याग केला नव्हता

प्रयागअक्का गेली तेव्हा मी भालकीच्या बाजारात दोडके निवडत होते. हुलसूरहून तिच्या शेजारच्या नसीमभाभीचा फोन आला. "अक्का गेल्या जी... चहा प्याल्या, भिंतीला टेकल्या, तशाच गेल्या." हातातला दोडका टाकून मी तशीच बसस्टँडवर गेले. प्रयागअक्का माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दीड महिना होत आला, अजून मला नीट रडू आलेलं नाही. रडायला बसलं की राग येतो.

पुण्याहून तिचा थोरला, सुधाकर, पोचला. आईच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडला आणि उठून सगळ्यांदेखत मला म्हणाला, "मावशी, तुम्हीच मारलंत माझ्या आईला. पुण्यात राहिली असती तर जगली असती." अंगणभर माणसं. मयताच्या घरात भांडायचं नसतं, हे आम्हा बायकांना फार लवकर शिकवलेलं असतं.

अक्काचं लग्न झालं तेव्हा तिला धड साडी नेसता येत नव्हती. ऊसतोडीपासून लोकांच्या खळ्यापर्यंत सगळं तिनं केलं. दाजी तोंडानं आणि हातानं दोन्हीकडून तापट. जेवायला ती सगळ्यात शेवटी बसायची, आणि कधी मागे काही उरलं नाही तर "मला भूकच न्हाई बाई" म्हणायची. पोरं शिकली, एक पुण्याला, एक हैदराबादला नोकरीला लागला. दाजी वारल्यावर दोघांनी आई वाटून घेतली. ज्याच्या घरी लेकरू लहान, त्याच्या घरी आई. लेकरं शाळेत जायला लागली तसं अक्कानं एक दिवस पिशवी भरली आणि हुलसूरला येऊन आपल्या घराचं कुलूप काढलं.

तिथून पुढची वर्षं मी जी अक्का पाहिली, ती मला आधी माहीतच नव्हती. पासष्टीला आलेली बाई नव्यानं शिकायला लागली होती. गावच्या बुद्धविहारात कार्यक्रम असला की पुरुष खुर्च्यांवर आणि बाया मागं सतरंजीवर. एकदा तिनं सरळ एक खुर्ची उचलली, पुढच्या रांगेत ठेवली आणि बसली. एक जण म्हणाला, "अक्का, ती पाहुण्यांची हाय." ही म्हणाली, "माझे गुडघे दुखायलेत. पाहुण्याचे दुखायलेत का इचार." पुढच्या वेळी आणखी दोघी-तिघी पुढे येऊन बसल्या. मी हसत होते, तर मलाच म्हणाली, "हसायलीस कामून? शांते, मी जन्मभर राग गिळला. त्याचं काय झालं? कुणाला कळलं बी न्हाई." म्हातारपणात माणूस शांत होतं म्हणतात. अक्का रागवायला शिकली, आणि मला ती तेव्हा पहिल्यांदा सुखी दिसली.

मग तिला धाप लागायला लागली. हृदय दमलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुधाकर येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. उपचार नीट केले त्यानं, खोटं कशाला बोलू. पण सहाव्या मजल्यावरच्या त्या घरात दिवसभर कुणी नाही, बाहेरून कुलूप. "पडली-बिडली तर?" म्हणून. फोनवर बोललं की दम लागतो म्हणून फोनही काढून घेतलेला. एक दिवस सकाळी कामवाल्या बाईच्या फोनवरून तिनं मला गाठलं. "शांते, मी हितं मरायला भीत न्हाई. पण कुलपात मरायचं न्हाई मला. मला न्यायला येतीस का?"

मी गेले. सुधाकर म्हणाला, "मावशी, तिला कळत नाही आता. वय झालंय." अक्का आतून भिंतीला धरत धरत बाहेर आली. "वय झालंय, व्हय. म्हणून तर आता माझं मी ठरवायलेय." डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, गोळ्या नेमानं घ्या, कुठंही राहा. तेवढं ऐकल्यावर सुधाकर आमच्याशी बोललाच नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या लातूर-उदगीरवरून जाणाऱ्या बसमध्ये बसलो. उदगीर मागं पडलं तशी अक्कानं खिडकी उघडली. वारं तोंडावर घेत म्हणाली, "आता दम लागला तरी माझाच हाय."

उन्हाळाभर ती आपल्या घरात राहिली. नसीमभाभी गोळ्या द्यायची, मी आठवड्याला चक्कर मारायची. त्या उन्हाळ्यात मी तिला एकदाही "मला भूक न्हाई" म्हणताना ऐकलं नाही.

अक्काच्या जलदानविधीला, तिला श्रद्धांजली वाहायला, मांडव घातला होता. एकामागून एक माणसं उठली आणि म्हणाली, प्रयागबाई म्हणजे त्यागमूर्ती. कधी तोंडातून ब्र काढला नाही. स्वतःसाठी काही मागितलं नाही. त्यातले दोघे तर त्या खुर्चीच्या दिवशी विहारात हजर होते! मी उठले, माईक मागितला. "त्याग तिनं केला न्हाई," मी म्हणाले. "तिच्याकडून करून घेतला. दाजींनी घेतला, पोरांनी घेतला, आपण सगळ्यांनी घेतला. आणि शेवटी तिनं मागितलं होतं. आपल्या घरात मरायला मागितलं होतं. ते देताना कुणाकुणाचे हात आखडले ते ज्याचं त्यानं आठवावं." सुधाकर मान खाली घालून बसला होता. कुणीतरी घाईघाईनं माईक काढून घेतला. मला पश्चात्ताप नाही.

मागच्या आठवड्यात हुलसूरला गेले. घराची किल्ली नसीमभाभीकडे होती. पोरांनी जाताना पुढची खोली रिकामी करून अक्काची बाज मागच्या अंधाऱ्या खोलीत उभी करून ठेवलेली. तीच खोली, जिथं ती सून म्हणून आली आणि बाळंतपणं काढली. पुण्याहून परतल्यावर पहिलं काम तिनं बाज पुढं आणण्याचं केलं होतं, अगदी दारासमोर, रस्ता दिसेल अशी. भाभी म्हणाली, "इथंच पडायच्या जी. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायच्या." आम्ही दोघींनी बाज ओढत ओढत परत पुढं आणली. भाभी घरी गेली. मी दार सताड उघडं टाकलं आणि बाजेवर आडवी झाले. रस्त्यानं जाणारी एक बाई थबकली, दारात वाकून बघायला लागली.

"कोण हाय आत?"

"मी हाय," मी म्हणाले. "शांता. ये की, बस."