वेणूचं माहेरपण

वेणू चार वर्षांनी बदलापूर गावात परतली, तो मार्चचा बारावा दिवस. महिला आश्रयगृहाचे कागद इंग्रजीत होते, म्हणून तिच्या आईने, जनाबाईने, गल्लीतल्या शेजारणीला, मला, सोबत नेलं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात असताना ओळखीच्या एका बाईने जास्त पगाराचं सांगून वेणूला दूरच्या शहरात नेलं आणि विकलं. जनाबाईने मात्र गावात सांगितलं होतं, लेकीला गुजरातेत दिली. धाकट्या श्रद्धाचं लग्न अजून जमायचं होतं.

परतताना रिक्षातच जनाबाईने वेणूच्या गळ्यात काळे मणी घातले. वेणूने ते चाचपले.

"नाव काय ठेवलंय त्याचं?"

"किसन. कापडाच्या गिरणीत आहे."

"बरा आहे म्हणजे," वेणू म्हणाली.

महिनाभर शेजारणी कौतुकाने येत राहिल्या. मग प्रश्न सुरू झाले. गोदूकाकूने तर अंगणातच विचारलं, "जावई न्यायला कधी येणार गं?"

"सुट्टी नाही त्यांना."

"चार वर्षांत एकदाही नाही? कलेक्टर आहे का तो?"

वेणूने कारखान्यातून जीन्सचे धागे कापायचं काम घरी आणलं होतं. गठ्ठा घेऊन ती माझ्या ओट्यावर बसे, कारण इथे कुणी काही विचारत नसे. एकदा कात्री थांबवून म्हणाली, "बाई, माहेरी आलेलीला परत जावंच लागतं. मी कुठे जाऊ?"

जूनमध्ये जनाबाईला तोड सुचली. किसन अपघातात वारला असं सांगायचं. विधवा लेकीला कुणी जा म्हणत नाही.

वेणूने मला विचारलं, "तुमचे साहेब गेल्यावर लोक किती दिवस येत होते?"

"तेरा."

"मग?"

"मग कुणी नाही."

"चालेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका जमल्या. मीही गेले. वेणूने मणी काढून ठेवले होते. ती कोरड्या डोळ्यांनी बसून होती. गोदूकाकूने तिला जवळ ओढलं. "रड पोरी. मनात ठेवू नकोस."

आणि वेणू रडली. आल्यापासून पहिल्यांदाच. दुपार झाली तरी थांबेना.

"फार जीव होता हो नवऱ्यावर," बायका आपसात म्हणाल्या. जनाबाई दारात उभी होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

चौदाव्या दिवशी कुणी आलं नाही. कधी जाणार, हेही त्यानंतर कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर श्रद्धाचा साखरपुडा झाला. त्या सकाळी जनाबाईने वेणूला माझ्याकडे पाठवून दिलं. विधवेची सावली नको, असं मुलाकडच्यांचं म्हणणं होतं. मलाही बोलावणं नव्हतं. गल्लीच्या टोकाचा सनई-चौघडा ओट्यापर्यंत ऐकू येत होता. वेणूने गठ्ठा सोडला, एक पँट माझ्याकडे सरकवली.

"शिवणीजवळचा धागा आधी धरा, बाई," ती म्हणाली. "ओढू नका. कापा."